पहिली अक्षत

१

कोंडासागरच्या बांधावर एक दगडी खोली आहे. निजामाच्या राज्यात धरण बांधलं तेव्हा पाण्याच्या झडपा उघडायची यंत्रं त्या खोलीत बसवली होती. माझ्या वेळी ती गंजून नुसती उभी होती. एक जाडजूड लोखंडी नळ जमिनीतून थेट खाली पाण्यात उतरला होता. त्याच्या शेजारी माझं टेबल, माझी खुर्ची आणि एक काळा-पांढरा टीव्ही. शहरात घरोघरी केबल आली होती, लोक रात्रंदिवस वाहिन्या फिरवत बसायचे. माझ्या टीव्हीवर एकच कार्यक्रम, पाण्याखालचं देऊळ. नट नाहीत, गाणी नाहीत, अधूनमधून एखादा मासा.

मी मेघना, विद्यानगरची. आमच्या घरात वकिली आणि मास्तरकी सोडून कुणी काही केलेलं नव्हतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून पुराणवस्तूंच्या एका प्रकल्पात कंत्राटी नोकरी धरली, तेव्हा वडील म्हणाले, "पाण्याकडे बघत बसायची नोकरी असते हे आधी कळलं असतं तर मीही तीच केली असती."

देऊळ चालुक्यांच्या काळातलं. धरण झालं तेव्हा जांबगाव नावाच्या गावासकट ते बुडालं. इतकी वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. मग देशाचे दरवाजे उघडले म्हणून पेपरवाले खूश झाले, आणि त्याच दरवाज्यांतून काय काय बाहेर जातंय ते आबिड्सच्या आमच्या ऑफिसात कळू लागलं. एका उन्हाळ्यात देवळाचा कोरीव खांबच चोरीला गेला. तेव्हा एका परदेशी संस्थेनं पैसे दिले, पाण्यात राहणारा कॅमेरा आला, मंडपातून गाभाऱ्याच्या दाराकडे तोंड करून तो बसवला गेला, आणि मी आले. उरलेल्या शिल्पांवर गाळ बसू नये म्हणून पांढुरकं, जाड, न कुजणारं एक कापड आलं होतं. ते वाळूच्या पिशव्या ठेवून नीट दाबलं होतं.

दर आठवड्याला आमचा पाणबुड्या खाली जायचा. कॅमेऱ्याची काच पुसायची, गाळ किती चढला ते रोवलेल्या पट्ट्यांवर बघायचं, कापडाच्या पिशव्या तपासायच्या. त्याचं नाव शिवराज. कुकटपल्लीचा, विशाखापट्टणमला पाणबुड्याचं काम शिकून आलेला. काच पुसून झाली की तो कॅमेऱ्यासमोर येऊन माझ्याकडे बघून तोंडं वेडीवाकडी करायचा. एकदा त्यानं गाळावर बोटानं 'चहा टाक' असं लिहिलं. मी टाकला. आमचं जमलं ते असं.

माझ्या घरी खूप रडारड झाली. शेतकऱ्याचं घर, पाण्यातली नोकरी, वगैरे. पण शेवटी बाबा नमले आणि माघातली तारीख ठरली. मी त्या काळात किती सुखी होते ते आता सांगायला नको वाटतं. सांगितलं नाही तर पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगते. मला दुसरं काहीही नको होतं. फक्त तो हवा होता.

२

जांबगाव हे शिवराजच्याच आजोबांचं गाव. गाव उठलं तेव्हा लोकांनी घरातले देव उचलले, पण देवळातल्या जांबाईचा तांदळा, म्हणजे नाक-डोळे नसलेला शेंदरी दगड, जागचा हलेना. तो तिथेच राहिला. त्यांच्या घरात कार्य निघालं की पहिली अक्षत कुलदैवताला, म्हणून मंडळी काठावर यायची, नारळ आणि अक्षता पाण्यात सोडायची, हात जोडायची आणि मागे न बघता निघून जायची.

शिवराजच्या आई, कुसुमताई, ह्या वेळी म्हणाल्या, "तू तर तिच्या दारातच जातोस रे. मग काठावरनं कायकू? उंबऱ्यावर ठेव. आपल्या घरात आजवर कुणाला जमलं नाही, तुला जमतंय."

"काकू, पाण्याखाली पत्रिका कोण वाचणार?" मी विचारलं.

"वाचायला कायकू पाहिजे? तोंडानं सांगायचं असतं गे. बोलावणं तोंडानंच द्यावं."

त्या सोमवारी शिवराज प्लास्टिकच्या पिशवीत सुपारी, अक्षता आणि पत्रिका घेऊन उतरला. मी पडद्यावर बघत होते. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी तो गुडघ्यांवर टेकला, पिशवी ठेवली, तोंडातली नळी काढली आणि काहीतरी बोलला. तोंडातून बुडबुड्यांचा मोठा लोट निघाला. मला हसू आलं. नळी परत लावून तो कॅमेऱ्याकडे वळला आणि नवरदेवासारखा ताठ उभा राहिला.

वर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालास एवढं?"

"आईनं शिकवलं ते. आमच्या घरी लग्न आहे, सहकुटुंब या, आणि तुम्हीच उभं राहून पार पाडा."

"आणि काय उत्तर आलं?"

"हौ म्हणाली," तो डोकं पुसत म्हणाला. "तारीख लिहून घेतली तिनं."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही लावला. तो तापून चित्र यायला थोडा वेळ घ्यायचा. चित्र आलं आणि मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. पिशवी उंबऱ्यावर नव्हती. त्यात विशेष काही नव्हतं, पाण्यात वस्तू हलतातच. मी चहा घेतला, परत बघितलं, आणि मग लक्षात आलं.

उंबरा स्वच्छ होता.

पाण्याखाली सगळीकडे गाळाचा बोटभर थर असतो. पायऱ्यांवर, मंडपाच्या फरशीवर, शिल्पांच्या नाकांवर. इतकी वर्षं तो तिथे बसलाय. आणि आता उंबरा आणि त्याच्या पुढची हातभर फरशी उघडी, काळ्या दगडाची दिसत होती. तिच्या कडेनं गाळ एका रेषेत लोटलेला होता. आपण अंगण झाडतो आणि केर कडेला नेतो, तसा.

मी आबिड्सला बाळकृष्ण सरांना फोन केला. ते आमचे प्रमुख, पुराणवस्तूंतले जाणकार आणि जुन्या शहरी घराण्यातले अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांना कुठल्याही गोष्टीचं आश्चर्य वाटलेलं मी कधी पाहिलं नाही.

"मरळ मासा घरटं करताना शेपटीनं गाळ झाडतो," ते म्हणाले. "चांगली नोंद आहे. लिहून ठेवा."

मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. मासा अर्धगोल झाडेल की सरळ रेषेत, हा प्रश्न मी माझ्यापुरता ठेवला.

नंतरच्या काही दिवसांत झाडलेली जागा वाढत गेली. आधी उंबरा, मग दाराची चौकट, मग मंडपाचा मधला चौक. हे होताना मला कधीच दिसलं नाही. मी समोर बसलेली असायचे, पाणी जरा गढूळ व्हायचं, पडद्यावर राखाडी ढग यायचा, आणि तो निवळला की आणखी थोडी फरशी उघडी पडलेली असायची. कॅमेऱ्याचं चित्र टेपवर भरत असायचं, मी ती टेप मागे नेऊन बघितली. टेपवरही ढगच होता.

४

आवाजाचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. खोलीतला तो जाड नळ मधूनच घुमायचा. पूर्वीही घुमायचा. झडपेतून पाणी झिरपतं, लोखंड उन्हानं तापतं, कबुतरं त्यावर बसतात, कारणं पुष्कळ होती. पण हा आवाज वेगळा होता. घर्रर्र असा गोल फिरायचा, थांबायचा, परत फिरायचा. मी नळावर हात ठेवला की तळहाताला बारीक थरथर जाणवायची. दुपारभर हे चालायचं. मला वाटलं, खाली कुठेतरी झडप सैल झाली असेल.

त्याच आठवड्यात मी कुकटपल्लीला गेले. कुसुमताईंच्या घरी हळद दळायचा मुहूर्त होता. जात्याला सुपारी बांधून, पाच सवाष्णी मिळून, गाणी म्हणत. त्यांनी मला मुद्दाम बोलावलं नव्हतं, होणाऱ्या सुनेनं त्या वेळी यायचं नसतं. मी आपली एक पिशवी द्यायला गेले आणि दारातच उभी राहिले. आतून तो आवाज आला. घर्रर्र. थांबला. हळकुंडं घातली असतील. परत घर्रर्र.

मला एकदम कळलं की नळातून मी काय ऐकत होते.

दारात थंडगार वारा होता आणि माझी पाठ ओली झाली होती. कुसुमताई बाहेर आल्या. त्यांचे हात पिवळे होते.

"काय गे, चेहरा असा का झालाय?"

"काही नाही काकू. बसमध्ये उभी होते."

काय सांगणार होते मी त्यांना? वकिलाच्या मुलीनं पुरावा नसताना बोलू नये. आणि नळ घुमतो हा कसला पुरावा?

५

पुढच्या सोमवारी मी शिवराजला सगळं दाखवलं. झाडलेला चौक, आणि नव्यानं आलेले दोन सपाट दगड. ते गाभाऱ्याच्या दारापाशी समोरासमोर मांडलेले होते, मधे माणसाला उभं राहता येईल एवढं अंतर. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या.

"हे पाट आहेत," मी म्हणाले.

"पाट कसले, मंडपातल्या फरशा आहेत त्या. चोर परत येऊन गेले असतील, त्यांनी उचलल्या असतील." तो माझ्याकडे बघून हसला. "तू दिवसभर एकटी बसतेस ना, म्हणून होतंय हे. जरा बाहेर ये, यादगिरीशी भांड, बरं वाटेल."

यादगिरी म्हणजे आमचा नावाडी. त्याच्याशी भांडणं खरंच सोपं होतं, पण मला त्या दिवशी भांडायचं नव्हतं. मी शिवराजचा हात धरला आणि म्हणाले, "तू लग्न होईपर्यंत खाली जाऊ नकोस."

"पुढच्या सोमवारनंतर सुट्टीच आहे की. दिमाग नक्को खराब करू."

तो उतरला, काच पुसली, दगडांपाशी जाऊन बघितलं. मग पाणी गढूळलं. नेहमीपेक्षा बराच वेळ मला काही दिसलं नाही. मी खुर्चीवरून उठून पडद्याला नाक लावून उभी राहिले, त्यानं काय फरक पडणार होता कुणास ठाऊक. शेवटी खिडकीतून तो नावेवर चढताना दिसला आणि माझ्या जिवात जीव आला.

मी धावत काठावर गेले. तो पोशाख उतरवत होता. भर दुपार होती, ऊन अगदी लख्ख. त्याच्या कानांच्या मागे, कोपरांना आणि पायाच्या अंगठ्यांना पिवळं लागलं होतं.

"हे काय?"

त्यानं कोपर वळवून बघितलं. "शेवाळ असेल."

"शेवाळ हिरवं असतं."

"मग जंग लागला असेल." त्यानं पाण्यानं चोळलं. निघेना. त्यानं साबणानं चोळलं. फिकं झालं, पण गेलं नाही. मी त्याच्या मानेजवळ वाकले. ताज्या हळदीचा वास आला, त्याच्या आईच्या घरात होता तसाच.

"तुमच्या घरची हळद अजून लागायची आहे," मी म्हणाले.

तो पहिल्यांदाच हसला नाही. पिवळ्या कोपराकडे बघत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "खाली जरा गुदगुल्या झाल्या. मासे असतील."

६

मी त्याच संध्याकाळी बाळकृष्ण सरांकडे गेले. आवाज, दगड, हळद, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या आईची चौकशी केली, लग्नाच्या तयारीत फार दगदग होते म्हणाले, आणि मला आठवडाभर रजा घ्यायला सांगितली. मी रजा घेतली नाही. मी नसताना तो खाली गेला तर कोण बघणार होतं?

शनिवारी सकाळी चित्र आलं तेव्हा कापड जागेवर नव्हतं.

शिल्पांवरच्या वाळूच्या पिशव्या एका बाजूला नीट रचून ठेवल्या होत्या. कापड गाभाऱ्याच्या दारात होतं. आडवं, ताणलेलं, दोन पाटांच्या मधोमध. वरची कड माणसाच्या डोक्याच्या वर, खालची फरशीपासून वीतभर उंच. पाण्यात कुठलीही वस्तू डुलते, हे अगदी ताठ होतं. त्याची दोन्ही टोकं चित्राच्या बाहेर गेली होती. ती कशाला बांधली होती की कुणी धरली होती, ते दिसत नव्हतं.

लग्नात नवरा-नवरीच्या मधे अंतरपाट धरतात. ते मी लहानपणापासून बघत आलेय. मंगलाष्टकं होईपर्यंत तो असाच धरतात, मामा किंवा भटजी, हात अवघडले तरी खाली सोडत नाहीत.

मी सरांना फोन केला. चूक केली म्हणावं, तर ते माझं कामच होतं. सर घाबरले, पण वेगळ्याच कारणानं. कापड सुटून झडपेच्या तोंडात गेलं तर अर्ध्या शहराचं पाणी बंद पडेल. त्यांनी शिवराजला घरून बोलावून घेतलं. तो तासाभरात मोटरसायकलवर आला. कुसुमताईंनी नको म्हटलं होतं, तरी आला.

"शिवराज, जाऊ नकोस," मी म्हणाले. "मी पाया पडते तुझ्या."

"अगं, लोकांचं प्यायचं पाणी आहे ते." मला समजावताना तो नेहमीच असा हळू बोलायचा. "कापतो आणि वर येतो. दहा मिनिटं. मग तुझ्या बाबांकडे जेवायला जाऊ, हौ ना?"

मी काय करायला हवं होतं? नाव फोडायला हवी होती. मी मात्र खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. पडद्यावर तो दिसेल, एवढाच आधार होता.

७

नळातला आवाज थांबला होता. इतके दिवस तो नकोसा झाला होता, आणि आता खोलीत फक्त टीव्हीची गुणगुण उरली तेव्हा तो हवासा वाटला. कबुतरंही नव्हती.

शिवराज चित्रात उजवीकडून आला. हातात कापडासाठी आणलेली सुरी होती. तो दारापाशी गेला, अंतरपाटाच्या अलीकडे थांबला आणि वर-खाली बघू लागला. मग त्याचे पाय त्या बाहेरच्या दगडावर टेकले. पाणबुड्या असा उभा राहत नाही. तो तरंगतो, हात मारतो, सतत हलत असतो. हा पाटावर दोन्ही पावलं जुळवून उभा राहिला. सुरी त्याच्या हातून सुटली आणि हळूहळू खाली गेली. त्यानं ती उचलली नाही.

त्यानं हात जोडले.

"शिवराज," मी पडद्याला म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. मग ओरडले.

बुडबुडे वर जात होते, म्हणजे तो श्वास घेत होता. अगदी संथ. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, वळ, एकदा माझ्याकडे वळ. तो वळला नाही. कॅमेरा तिथे आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग कापड एका बाजूला ओढलं गेलं. खाली पडलं नाही, फाटलं नाही. जसं ओढतात तसंच.

पलीकडे गाभाऱ्यात काळोख होता. त्या काळोखातून दोन हात पुढे आले. कोपरापर्यंत बांगड्या, आणि बोटं फार वेळ पाण्यात राहून सुरकुतलेली, पांढरी. हातांत काहीतरी लांब, वेलीसारखं धरलेलं होतं. ते हात वर उचलले गेले, पण पोचेनात. शिवराज उंच होता. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्यानं मान वाकवली. हळूच, प्रेमानं, नवरीची चेष्टा न करणारा एखादा भला नवरा वाकवतो तशी.

मी खिडकीकडे धावले. "यादगिरी! ओढ! त्याच्या कमरेचा दोर ओढ, लवकर!"

"एमैंदम्मा?" नावेतून तो ओरडला. काय झालं, विचारत होता.

"ओढ म्हणते ना!"

तो ओढू लागला. मी परत पडद्याशी आले तेव्हा तिथे राखाडी ढग होता आणि तो संध्याकाळपर्यंत निवळला नाही.

८

शिवराज वर आला. जिवंत, धडधाकट, ओठही निळे पडलेले नव्हते. मी बांधावरून काठापर्यंत कशी पोचले मला आठवत नाही. तो नावेच्या कडेवर बसून पायातले पोहायचे रबरी पंखे काढत होता. मी पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरले, त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि रडायला लागले. यादगिरी तोंड फिरवून बसला.

शिवराजनं माझे हात हलकेच बाजूला केले. रागानं नाही. चारचौघांत एखाद्या बाईचा धक्का लागला की सभ्य माणूस बाजूला सरतो, तेवढंच.

"काही झालं नाही," तो म्हणाला. "तुम्ही घाबरू नका. ताई, तो टॉवेल देता का जरा?"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. तो नेहमीच चेष्टा करायचा. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथे ओळख होती. ऑफिसातल्या माणसाशी असते तेवढी.

मी टॉवेल दिला.

९

डॉक्टर म्हणाले, पाण्याखाली कधी कधी मेंदूला हवा कमी पडते. फोटो काढले, रक्त तपासलं, काही निघालं नाही. त्याला सगळं आठवत होतं. आईचं नाव, मोटरसायकलचा नंबर, बाळकृष्ण सरांचा वाढदिवस. माझंही नाव आठवत होतं. मेघनाताई. टीव्हीजवळ बसतात त्या. लग्नाचा विषय काढला की तो लाजायचा आणि म्हणायचा, झालं की.

बाबांनी हॉलवाल्याला कळवलं. आईनं पत्रिकांचा गठ्ठा कुठे ठेवला ते मी विचारलं नाही. माघातली ती तारीख मी अंथरुणात काढली. मला मेल्यासारखं वाटत होतं, आणि मेलेल्या माणसाला जी शांती मिळते म्हणतात, ती मात्र नव्हती.

कुसुमताई एकदा भेटायला आल्या. माझ्या खोलीत कॉटच्या कडेवर बसल्या. मी त्यांना दोष दिला नाही. काय म्हणून देणार? त्यांनी देवीला बोलावलं होतं. त्या बुडालेल्या देवळात दुसरं कुणी राहतंय, आणि ते बोलावणं तिनं घेतलं, हे त्यांना तरी काय माहीत?

"बरा आहे का तो?" मी विचारलं.

"सुखी आहे गे," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच एवढा सुखी दिसतोय. तेच बघवत नाही मला." आणि मग त्या रडल्या.

पावसाळ्याआधी प्रकल्प गुंडाळला. परदेशी संस्थेनं हात आखडता घेतला. कोंडासागरच्या काठावर बोटिंगचं रिसॉर्ट करायचं ठरलं होतं, तिथे पाण्यात असल्या तारा-केबली कुणाला नको होत्या. कॅमेरा काढायच्या दिवशी मी सामान आवरायला गेले. कॅमेरा काढायला शिवराजच उतरला. त्याला कुणी थांबवत नव्हतं, आणि तो कुणाचं ऐकतही नव्हता. पडदा एकदा थरथरला आणि काळा झाला.

थोड्या वेळानं तो खोलीत आला. केस विंचरलेले, अंगावर कोरडा शर्ट. दारातच उभा राहिला, आत आला नाही. मी त्याला चहा दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला.

"बरं झालं ताई, कॅमेरा निघाला ते," तो म्हणाला. "कुणी सारखं बघत असलं की घरातल्या माणसाला अवघड होतं. बोलत नाहीत त्या, पण कळतं."

मी टीव्हीची वायर गुंडाळत राहिले. वायरला सारख्या गाठी पडत होत्या.

"तुम्ही आता कुठे?"

"माहीत नाही. पुण्याला मावशी आहे."

"तुमचं लग्न व्हायचंय ना अजून?"

मी त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर माया होती. थोरल्या भावाला असते तशी, खरीखुरी. त्याच्यापाशी माझ्यासाठी आता तेवढीच उरली होती, आणि ती तो मनापासून देत होता.

"व्हायचंय," मी म्हणाले.

"होईल. चांगला मुलगा मिळेल तुम्हाला, बघा." त्यानं चहा संपवला, कप बाहेरच्या बादलीत विसळून कठड्यावर पालथा ठेवला, आणि जाता जाता वळून म्हणाला, "ठरलं की कळवा मात्र. आम्ही दोघंही येऊ."